पोलंड–युक्रेन–मोल्दोवा: गावाच्या अंदाजपत्रकावर तीन संस्थांचा संयुक्त प्रकल्प कसा आखावा?

सीमापार

वॉर्सातल्या एका छोट्या संस्थेसाठी १८ महिन्यांच्या प्रकल्पाचा आराखडा करायचा आहे. पोलंडची संस्था मुख्य अर्जदार. भागीदार दोन: पश्चिम युक्रेनात ह्रोमादांबरोबर (तिथली एकत्रीकरणानंतरची स्थानिक स्वराज्य संस्था) काम करणारी एक संस्था आणि उत्तर मोल्दोवातली एक. विषय असा, की स्थानिक अंदाजपत्रकाचा एक हिस्सा कुठे खर्चायचा हे गावकऱ्यांनी ठरवायचं. पोलंडमध्ये ही पद्धत रुळलेली आहे, युक्रेनच्या शहरांतही २०१५ पासून आहे, पण आम्हाला खेडी आणि लहान गावं घ्यायची आहेत.

जुने अहवाल चाळले. सगळीकडे 'अनुभवांची देवाणघेवाण झाली' इथपर्यंतच मजकूर येतो, पुढे काय झालं ते कुणी लिहीत नाही. म्हणून थेट विचारतो:

१. निधी कुठून मागावा, आणि कुठल्या अटी नंतर नडतात?
२. पोलिश नमुना तिकडे जसाच्या तसा चालेल का? नसेल तर नेमकं काय बदलावं लागतं?
३. भागीदारांबरोबरच्या करारात काय हवंच?
४. १८ महिने पुरतात का?

दुसरा_हप्ता

आधी पैशांचं बोलू, कारण भागीदार कोण आणि किती हे बऱ्याचदा देणगीदाराच्या नियमांतूनच ठरतं.

विशेग्राद फंड सगळ्यांना पहिला आठवतो. २००० साली स्थापन झाला, कार्यालय ब्रातिस्लावात, पोलंड, चेकिया, स्लोव्हाकिया आणि हंगेरी ही चार सरकारं सारखी वर्गणी भरतात. वर्षात तीन फेऱ्या असतात: १ फेब्रुवारी, १ जून आणि १ ऑक्टोबर, दुपारी १२ पर्यंत. प्रकल्पाची कमाल मुदत १८ महिने, म्हणजे तुमचा आकडा बहुधा तिथूनच आला असावा. अडचण अशी की तुमची सध्याची जुळणी त्यात बसत नाही. चारपैकी किमान तीन देशांतल्या संस्था लागतात, युक्रेन आणि मोल्दोवा त्याच्या वर. मग लोक घाईघाईत एक चेक आणि एक स्लोव्हाक संस्था नावापुरती जोडतात. हे परीक्षकांना लगेच कळतं, कारण त्या संस्थांच्या वाट्याला 'परिषदेत सहभाग' यापलीकडे काम लिहिलेलं नसतं. जोडायचीच असेल तर तिला एखादं वेगळं काम द्या. उदाहरणार्थ, स्लोव्हाकियात लहान गावांची संख्या प्रचंड आहे. हजारापेक्षा कमी वस्तीची नगरपालिका कशी चालते हे तिथला माणूस पोलिश माणसापेक्षा चांगलं सांगेल.

या फंडात कार्यालयीन खर्चाला १५ टक्क्यांची मर्यादा आहे आणि शेवटचा हप्ता अंतिम अहवाल मंजूर झाल्यावरच येतो. म्हणजे शेवटचे काही महिने स्वतःच्या खिशातून चालवायची तयारी हवी. युक्रेनातल्या लहान संस्थेकडे तेवढी शिल्लक नसते. तेव्हा शेवटच्या टप्प्यातले मोठे खर्च त्यांच्या नावावर ठेवू नका, पोलंडच्या संस्थेकडे ठेवा.

युरोपियन युनियनचं परदेशी मदतीतलं अनुदान मोठं असतं, पण कागदपत्रंही तशीच. आधी संकल्पना-टिपण, ते निवडलं गेलं तरच पूर्ण अर्ज. इथे नडणाऱ्या गोष्टी साधारण ठरलेल्या आहेत:

अप्रत्यक्ष खर्च सरसकट ७ टक्क्यांपर्यंत. भाडं, वीज, हिशेबनीस यांचा काही भाग थेट खर्चात दाखवता येतो, पण तो मुळातच अंदाजपत्रकात लिहिलेला हवा. मागून घुसवता येत नाही.

एका शीर्षातून दुसऱ्या शीर्षात मूळ रकमेच्या २५ टक्क्यांपर्यंत फिरवाफिरव करारदुरुस्तीशिवाय चालते, मात्र कळवावं लागतं. म्हणून शीर्षं फार बारीक पाडू नका. शीर्ष लहान, तर त्याचे २५ टक्केही लहान.

भागीदाराने पुढे गावांना छोटी अनुदानं द्यायची असतील तर एका लाभार्थ्याला ६०,००० युरोपर्यंतची मर्यादा असते. कुणाला देणार, कशासाठी, कुठल्या निकषांवर आणि जास्तीत जास्त किती, हे सगळं अर्जातच लिहावं लागतं. हे राहिलं आणि नंतर पैसे वाटले, तर ती सगळी रक्कम अपात्र ठरते.

आणि चलन. अनुदान युरोत येतं, पोलंडची संस्था हिशेब झ्लॉटीत ठेवते, भागीदार खर्च करतो ह्रिव्निया आणि लेऊमध्ये. विनिमय दरातला तोटा अपात्र खर्च आहे, तो कुणीतरी सोसायचाच असतो. करारात कुठला दर धरायचा (युरोपियन आयोगाचा मासिक इन्फॉरयुरो दर की दुसरा काही) हे आधी वाचा आणि तिन्ही हिशेबनिसांना एकाच कॉलवर बसवून एका नमुना बिलावर पूर्ण आकडेमोड करून घ्या. एक बिल, तीन चलनं, शेवटी युरोत किती? तिघांचं उत्तर सारखं आलं तरच पुढे जा. या एका तासात पुढची निम्मी डोकेदुखी वाचते.

अमेरिकन पैशांवर बेतलेले जुने नमुने मिळतील. पोलंड–अमेरिका–युक्रेन सहकार्याचा 'पाउची' हा उपक्रम १९९९ पासून त्याच पैशावर उभा राहिला आणि पुढे पोलिश-युक्रेनियन प्रतिष्ठान झाला. २०२५ मध्ये यूएसएडचं (अमेरिकेची परदेशी मदत संस्था) काम बंद झालं, त्यामुळे तो रस्ता आज धरू नका. पोलिश-अमेरिकन फ्रीडम फाउंडेशनचा 'रिता' कार्यक्रम मात्र वेगळा आहे, त्याचा पैसा प्रतिष्ठानच्या स्वतःच्या भांडवलातून येतो. पोलिश संस्थेने पूर्वेकडच्या भागीदाराला अनुभव द्यायचा, नेमका हाच त्याचा विषय. रकमा लहान, पण तुमच्यासारख्या कामाला पहिली पायरी म्हणून चांगला.

कराराचं: मुख्य अर्जदार पोलंडचा म्हणजे देणगीदारासमोर हिशेबाला पहिला उभा राहणारही तोच. भागीदाराचं बिल अपात्र ठरलं तर ते पैसे कोण परत करणार, हे वाक्य करारात नसेल तर भांडण नक्की. त्याशिवाय: हप्ता किती आणि मागच्या हप्त्यातला किती टक्के खर्च झाल्यावर पुढचा सुटेल, बिलं महिन्याच्या कितव्या दिवसापर्यंत स्कॅन होऊन येतील, टाइमशीटवर कोण सही करेल, मूळ कागद कुठे राहतील. (युनियनच्या अनुदानात शेवटचं देयक झाल्यापासून ५ वर्षं जपायचे, ६०,००० युरोपर्यंतच्या अनुदानात ३.) युद्धामुळे काम थांबलं तर काय, हे कलम युक्रेनच्या भागीदारासाठी स्वतंत्र लिहा. सरसकट 'दैवी आपत्ती'चं कलम पुरत नाही, कारण करार करतेवेळीच युद्ध चालू आहे आणि ते 'अनपेक्षित' म्हणता येत नाही.

गमिना_ते_ह्रोमादा

प्रश्न २ आणि ४ घेतो, ते एकमेकांत गुंतलेले आहेत.

पोलंडमध्ये 'नागरिकांचं अंदाजपत्रक' या नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि परदेशी लोक त्यांची हमखास गल्लत करतात. एक शहरांतली: २०११ मध्ये सोपोतपासून सुरू झाली. २०१८ च्या कायद्याने जिल्ह्याचा दर्जा असलेल्या शहरांना ती सक्तीची झाली, खर्चाच्या किमान ०.५ टक्के रकमेसह. लोक प्रस्ताव देतात, छाननी होते, मतदान होतं. युक्रेनमध्ये २०१५ ला चेर्कासी, चेर्निहिव आणि पोल्तावाने उचलली ती हीच, पाउचीच्या मदतीने. तुमच्या कामाची ही नाही.

तुमच्या कामाची दुसरी: फुंदुश सोवेत्स्की, म्हणजे गावनिधी. कायदा २००९ चा, आताचा २०१४ चा. गमिनाच्या (पोलंडमधली सर्वात खालच्या पातळीची स्थानिक स्वराज्य संस्था, तिच्यात अनेक गावं येतात) हद्दीतल्या प्रत्येक गावाला एक रक्कम मिळते आणि ती कशावर खर्चायची हे ग्रामसभा ठरवते. रकमेचं सूत्र कायद्यातच आहे: (२ + लोकसंख्या ÷ १००) × गमिनाचं दरडोई चालू उत्पन्न. वरची मर्यादा दरडोई उत्पन्नाच्या दहा पट. समजा दरडोई उत्पन्न ४,००० झ्लॉटी आणि गाव ३०० वस्तीचं, तर (२ + ३) × ४,००० = २०,००० झ्लॉटी. कमाल ४०,०००, आणि ती ८०० वस्तीला गाठली जाते, त्यापुढे गाव कितीही मोठं असो. सूत्रातला तो सुरुवातीचा '२' फार महत्त्वाचा. त्याच्यामुळे ५० माणसांच्या वाडीलाही हातात धरण्याजोगी रक्कम मिळते. निव्वळ डोकी मोजून पैसा वाटला असता तर लहान गावं सभेलाच आली नसती.

हे सूत्र मोल्दोवात नेता येतं. तिथे पहिल्या पातळीवर सुमारे ९०० स्थानिक संस्था आहेत आणि पुष्कळ ठिकाणी वस्ती इतकी कमी, की अंदाजपत्रकाच्या ०.५ टक्क्यांत धड एक बाक येणार नाही. म्हणून टक्केवारी सोडा, सूत्र घ्या. पण एक गोष्ट तिथे नाही: पोलंडमध्ये गमिना गावनिधीवर जे खर्चते त्याचा २०, ३० किंवा ४० टक्के परतावा सरकार देतं, गरीब गमिनाला जास्त. हा परतावा हीच गमिनाला खरी लालूच आहे. कायदा सक्तीचा नसूनही पद्धत टिकली ती त्यामुळे. मोल्दोवात आणि युक्रेनात असा परतावा देणारं कुणी नाही, तेव्हा पहिल्या वर्षी ती जागा तुमच्या प्रकल्पाच्या पैशाने भरावी लागेल. प्रिमारने (मोल्दोवातला स्थानिक संस्थेचा प्रमुख) गावासाठी १०० लेऊ बाजूला काढले तर ४० प्रकल्पातून, अशी जोडणी करा. उलटं करू नका, म्हणजे सगळा पैसा प्रकल्पाचा आणि प्रिमारची फक्त सही. तसं झालं की प्रकल्प संपताच पद्धत संपते.

युक्रेनसाठी कळीचा फरक माणसात आहे. पोलंडमध्ये गावाचा सोवतीस, म्हणजे गावप्रमुख, गावकरी थेट गुप्त मतदानाने निवडतात. गमिनाच्या प्रमुखाने गावाचा अर्ज फेटाळला तर सोवतीस ७ दिवसांत तो उचलून धरतो आणि प्रकरण गमिनाच्या परिषदेपुढे जातं, परिषदेला ३० दिवसांत निर्णय द्यावा लागतो. युक्रेनचा 'स्तारोस्ता' कागदावर त्याच जागेवर दिसतो, पण त्याला ह्रोमादाच्या प्रमुखाच्या प्रस्तावावरून परिषद मान्यता देते आणि तो ह्रोमादाचा पदाधिकारी असतो. ज्याच्या प्रस्तावावर नेमणूक झाली त्याच्याविरुद्ध तो अपील करेल? पोलिश नियमावली भाषांतर करून 'सोवतीस'च्या जागी 'स्तारोस्ता' घातला की अपिलाचा सगळा भाग निर्जीव होतो. त्यामुळे नियमावलीत अपिलाचा हक्क ग्रामसभेने निवडलेल्या दोन-तीन जणांच्या गटाला द्या. स्तारोस्ताने सभा बोलवायची, इतिवृत्त लिहायचं आणि रकमेचं पत्र वाचून दाखवायचं, इतकंच.

आता तारखा. पोलंडचं चक्र असं: ३१ मार्चपर्यंत परिषद निधी ठेवायचा की नाही हे ठरवते. ३१ जुलैपर्यंत प्रत्येक गावाला रक्कम कळते. ३० सप्टेंबरपर्यंत ग्रामसभेचा अर्ज जातो. ते काम पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येतं आणि त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत खर्च न झालेला पैसा बुडतो. मार्चअखेरपासून पुढच्या वर्षाच्या डिसेंबरअखेरपर्यंत म्हणजे २१ महिने. तुमच्याकडे आहेत १८. म्हणजे पूर्ण चक्र मावत नाही, आणि नेमका शेवटचा, काम प्रत्यक्ष उभं राहण्याचा भाग मुदतीबाहेर पडतो. अहवालांत 'पुढे काय झालं' का नसतं, त्याचं हेच कारण.

तोड आहे. परिषदेचा ठराव प्रकल्प सुरू होण्याआधीच करून घ्या, ती पात्रतेची अटच ठेवा: ठराव नाही तर गाव नाही. मग प्रकल्प जुलैत सुरू करा. जुलै ते पुढच्या वर्षाचा डिसेंबर, बरोबर १८ महिने. तिन्ही देशांचं अर्थवर्ष जानेवारी ते डिसेंबरच आहे, त्यामुळे हे तिन्हीकडे बसतं. विशेग्रादकडे जाणार असाल तर १ फेब्रुवारीची फेरी पकडा. १ जूनची पकडली की सगळं हुकलं.

ग्रामसभेच्या अर्जाचा कागद एका पानाचा पुरे: काम काय, कुठे, अंदाजे खर्च, का हवं. पोलिश कायद्यातही खर्चाचा अंदाज आणि कारण एवढंच मागितलं आहे, शिवाय काम गमिनाच्या अखत्यारीतलं हवं. मात्र सभेआधी तीन गोष्टी तपासून घ्या. जमीन खरोखर स्थानिक संस्थेच्या नावावर आहे का, याचा उतारा (मुलांसाठी खेळायची जागा ठरते आणि मग कळतं की तुकडा चर्चचा किंवा जुन्या सामूहिक शेताच्या वारसांचा आहे). दुसरं, देखभाल कोण करणार आणि वर्षाला किती खर्च येईल. तिसरं, किमतीचा अंदाज सप्टेंबरचा आणि खरेदी पुढच्या मे महिन्यातली, तर मधल्या भाववाढीसाठी १५–२० टक्के जास्त धरलेत का.

मत कुणाला, हाही प्रश्न. युक्रेनात 'नोंदणीकृत रहिवासी' असं लिहिलंत तर युद्धामुळे स्थलांतरित होऊन आलेले लोक आपोआप बाहेर राहतात, कारण त्यांची मूळ नोंदणी दुसरीकडची असते. पश्चिम युक्रेनातल्या ह्रोमादांत ते थोडेथोडके नाहीत. 'नोंदणी किंवा स्थलांतरिताचा दाखला' असं लिहा. मोल्दोवात उलट आहे: नावं यादीत, माणसं परदेशात. तिथे गणपूर्ती यादीच्या टक्केवारीवर ठेवली तर सभा कधीच भरणार नाही. हजर माणसांची किमान संख्या ठरवा.

खरेदीवर_नजर

वरच्या दोन्ही प्रतिसादांना जोडून. गाव ठरवतं, पैसा मंजूर होतो आणि खरी गळती पुढे खरेदीत होते. युक्रेनचा भागीदार इथे शिकणारा नाही, शिकवणारा आहे, हे अर्जात दिसू द्या. प्रोझोरो ही ऑनलाइन सरकारी खरेदीची प्रणाली १ ऑगस्ट २०१६ पासून सगळ्या सरकारी खरेदीदारांना सक्तीची आहे. निविदा, बोली, कोण अपात्र झालं, करार आणि त्यातले बदल, सगळं उघड दिसतं. पोलंडच्या लहान गमिनातला माणूस ते पडद्यावर बघतो तेव्हा गप्प होतो.

गावातल्या माणसाला काय बघायला शिकवायचं? चार गोष्टी. एकच बोलीदार. सर्वात कमी बोली बारीकसारीक कागदावरून बाद. काम तुकड्यांत तोडणं: ऑक्टोबर २०२२ च्या ठराव ११७८ प्रमाणे युक्रेनात माल आणि सेवा १ लाख ह्रिव्नियांच्या आत असतील तर खुली प्रक्रिया लागत नाही, मग ९९,००० चे तीन करार दिसायला लागतात. आणि चौथी, करार झाल्यावरची पुरवणी. मूळ खरेदी कायद्यात मालाचा बाजारभाव चढला तर १० टक्क्यांपर्यंत दर वाढवायची मुभा आहे. इंधन, वायू आणि वीज यांच्यासाठी तर ९० दिवसांचं अंतरही ठेवायला नको. त्यामुळे पुरवठादार पडेल दरात बोली जिंकायचे आणि मग दहा-दहा टक्क्यांच्या चारपाच पुरवण्या जोडून दर दीडपट करायचे. २४ जानेवारी २०२४ ला युक्रेनच्या सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रँड चेंबरने सांगितलं की सगळ्या पुरवण्या मिळून १० टक्के, प्रत्येक वेळी नव्हे. दरवाढीच्या पुरवणीवर आक्षेप घ्यायचा तर या निकालाचा हवाला द्या, पण ठराव ११७८ खालच्या करारांना तो कितपत लागू होतो हे आधी तपासून घ्या.

शिकवताना एकच करार घ्या, शक्यतो त्याच ह्रोमादातला शाळेच्या जळणाचा किंवा रस्त्यावरच्या दिव्यांचा, आणि निविदेपासून शेवटच्या पुरवणीपर्यंत सगळ्यांना तो वाचायला लावा. 'पारदर्शकतेचं महत्त्व' या विषयावर भाषण ठेवलंत तर दुपारनंतर खुर्च्या रिकाम्या होतात.

आणखी एक, फक्त युक्रेनचं. स्थानिक पैसा खजिन्यातून सुटतो आणि युद्धकाळात खजिना ठराव ५९० मधल्या क्रमाने देयकं काढतो. संरक्षण, पगार, औषधं आधी. गावातला बसथांबा रांगेत शेवटी. 'मंजूर आहे पण पैसे सुटत नाहीत' असं भागीदार म्हणाला तर तो थापा मारत नसतो. म्हणून युक्रेनातली गावकामं साहित्य-खरेदीपुरती लहान ठेवा आणि वर्षाच्या पहिल्या सहामाहीत उरका.

सीमापार

फारच कामाचं. जुलैची सुरुवात आणि ठरावाची अट दोन्ही घेतो. दोन गोष्टी राहिल्या. पोलंडमध्ये आठ दिवसांचा अभ्यासदौरा धरला आहे, प्रत्येक देशातून १२ जण. तो ठेवावा का? आणि देणगीदाराकडून सूचना आली आहे की जॉर्जियाची एक संस्थाही घ्या.

गमिना_ते_ह्रोमादा

दौरा ठेवा, पण आठ दिवस आणि १२ जण दोन्ही जास्त. चार दिवस, देशामागे सहा जण, आणि तेही जोडीने: एका ठिकाणचा लेखा विभागातला माणूस आणि त्याच ठिकाणचा एक कार्यकर्ता. फक्त प्रमुख आले तर परत गेल्यावर हिशेबनीस म्हणतो 'नियमात बसत नाही' आणि विषय मिटतो. फक्त कार्यकर्ते आले तर त्यांच्या हातात सही नसते. पोलंडच्या बाजूनेही तसंच. महापौराची भेट अर्ध्या तासाची ठेवा, बाकी वेळ गमिनाच्या त्या कारकुनाबरोबर बसवा जो गावांचे अर्ज तपासतो. शेवटच्या दिवशी प्रत्येक जोडीने आपल्या परिषदेसाठी पुढच्या वर्षीच्या ठरावाचा मसुदा लिहूनच निघायचं. भाषणांना दुभाषा पुरतो, पण नियमावलीला नाही. तिचं भाषांतर स्थानिक कायदा जाणणाऱ्याकडून तपासून घ्या.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात पोलंडमध्ये ग्रामसभा चालू असतात. दौरा तेव्हाच ठेवा आणि त्यातली एक सभा पूर्ण बघू द्या, भांडणासकट.

आणि युक्रेनची माणसं: लष्करी कायद्यामुळे २३ ते ६० वयाच्या पुरुषांना देशाबाहेर जायला सरसकट परवानगी नाही. नगरपालिकेच्या पुरुष अधिकाऱ्यासाठी स्वतंत्र मंजुरी काढावी लागते आणि ती ऐनवेळी मिळेलच असं नाही. यादीत बदली नावं ठेवा आणि तिकिटं बदलता येतील अशीच घ्या. विमानं बंद, त्यामुळे प्शेमिशल किंवा खेउममार्गे रेल्वे. प्रवासाला दोन्ही बाजूंनी एकेक पूर्ण दिवस धरा, त्याचा भत्ताही.

दुसरा_हप्ता

जॉर्जियाबद्दल सावध राहा. २०२४ मध्ये परदेशी निधीवरच्या संस्थांच्या नोंदणीचा कायदा आला, आणि एप्रिल २०२५ मधल्या दुरुस्तीनंतर परदेशी अनुदानाला तिथल्या सरकारची पूर्वसंमती लागते. म्हणजे तुम्ही अंदाजपत्रकात त्या संस्थेच्या नावाने रक्कम लिहिलीत आणि संमती आली नाही, तर ते पैसे अडकतात आणि संस्थेवरही कारवाईची टांगती तलवार. 'अनुदान नव्हे, सेवाकरार आहे' ही पळवाट सुचवणारे भेटतील, पण तिथल्या वकिलाने लेखी दिल्याशिवाय ती धरू नका. धोका तुमचा नसतो, त्यांचा असतो. देणगीदाराला हेच कारण लिहून कळवा. आग्रह असेलच तर जॉर्जियाच्या तज्ज्ञाला पोलंडमधल्या चर्चासत्रासाठी बोलवा आणि प्रवासखर्च थेट पोलिश संस्थेने करावा. तेही आधी त्यांना विचारून, कारण आपलं नाव सहभागींच्या यादीत छापलं जावं की नाही हे त्यांनी ठरवायचं.

तुमच्या करारासाठी एक राहिलंच होतं. युक्रेनच्या भागीदाराकडून कर कार्यालयाच्या ना-नफा नोंदवहीतला चालू तारखेचा उतारा सहीआधी मागवा. नोंद रद्द झालेली असेल तर अनुदानाची रक्कम उत्पन्न धरून त्यावर कर लागू शकतो. तसंच देणगीदाराचा निधी आंतरराष्ट्रीय तांत्रिक मदतीत मोडत असेल, तर मंत्रिमंडळाच्या ठराव १५३ प्रमाणे प्रकल्पाची नोंदणी करून मूल्यवर्धित कराची सूट मिळते. मात्र नोंदणी आणि खरेदीची यादी खरेदीच्या आधी हवी. संगणक घेऊन झाल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

सीमापार

जॉर्जियाचं पत्र आज लिहितो. दौरा चार दिवसांवर आणला, सप्टेंबरअखेर. मोल्दोवाच्या भागीदाराला सूत्र पाठवलं तर त्यांचा पहिलाच प्रश्न: दरडोई उत्पन्नात केंद्राकडून येणारी शाळांची रक्कम धरायची का?

गमिना_ते_ह्रोमादा

नाही. विशिष्ट कामासाठीच आलेला पैसा वगळा, नाहीतर ज्या कोमुनात (मोल्दोवातली ग्रामीण स्थानिक संस्था) मोठी शाळा आहे तिथलं दरडोई उत्पन्न उगाच फुगतं आणि प्रिमारला खिशात नसलेला पैसा गावाला द्यावा लागतो. स्वतःचे कर, वाटून मिळणारे कर आणि सर्वसाधारण हस्तांतरण एवढंच धरा, आणि दोन वर्षांपूर्वीचे प्रत्यक्ष जमा झालेले आकडे घ्या, चालू वर्षाचे अंदाज नकोत. पोलिश कायदाही दोन वर्षं मागचंच वर्ष धरतो. लोकसंख्येसाठी त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला गावात प्रत्यक्ष राहणारे मोजा. मतदारयादी वापरलीत तर परदेशी गेलेले सगळे आत येतील.